चुलत मामंजींची पडवी

वारंगा फाट्यावर उभ्या ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते... पैंजण घातलेले. रत्नपालनं मोटरसायकल थांबवली.

"ओ ताई... लागलं का काही?"

"मला न्हाई, कुत्र्याला लागलंय. बघत काय बसले? धरा इकडून!"

त्यानं धरलं. कुत्र्यानं त्याच्या इस्तरीच्या शर्टावर मनापासून मुतून घेतलं. मग करुणा बाहेर आली — गालावर ग्रीसचा पट्टा, ओठांत दाबलेलं हसू.

"माफ करा हं... पण घाईत हाय मी. जखमी जनावरं सांभाळते, अन् आज तपासणीला साहेब येऊन राहिला. नव्या नियमानं आजारी जनावराला वेगळी जागा पाहिजे म्हणे. माझं एकच पत्र्याचं शेड. नापास झालं की कुलूप!"

"आणि साहेब कसा हाय?"

"खडूसच असंल. दुसरा कोण येतो?"

"तो..." रत्नपालनं शर्ट झटकला, "...मीच हाय."

कुत्र्याला घेऊन दोघं शेडवर पोचले, तर आत एक जनावर नाही! सरकार जनावरं धरून नेणार, अशी फाट्यावर आवई उठलेली. शेजाऱ्यांनी मायेनं एकेक उचलून लपवलं होतं. शेडमध्ये फक्त एक म्हातारा घोरत पडलेला — शेजारच्या मालनबाईचे सासरे, करुणानं सांगितलं. पलीकडं टपरीच्या काउंटरखाली शेळी ओरडत होती, आणि तिचा आवाज झाकायला टपरीवाला भावसिंग जिवाच्या आकांतानं खोकत होता.

मालनबाईच्या पडवीत बाजेवर कुणीतरी गोधडी पांघरून निजलं होतं.

"आमचे मामंजी," मालनबाई कुजबुजली. "ताप हाय. जवळ नका जाऊ."

"मामंजी तर तिकडं शेडात घोरून राहिले, काकू," रत्नपाल म्हणाला.

"...मग हे चुलत मामंजी."

"चुलत मामंजींची शेपूट हलून राहिली."

करुणानं डोळे गच्च मिटले. संपलं...

रत्नपालनं गोधडी सारली. पायाला स्वच्छ पट्टी बांधलेलं दुसरंच एक कुत्रं, बाजूला पाण्याचं भांडं.

"हे आजच इथं आणलं?"

"आजच कशाला?" मालनबाई उसळली. "आजारी पडलं की ही पोरगी इकडंच आणून टाकते. माझ्या पडवीचा दवाखाना केलाय हिनं! अन् आमचा म्हातारा झोपायला तिच्या शेडात!"

"मग ही वेगळी जागाच की, करुणाताई! सांगितलं काहून न्हाई?"

"अहो... ती काकूची पडवी हाय. माझी थोडीच?"

"काकू, देता का पडवी?"

"दिलेलीच हाय की! पुन्हा काय देऊ?"

रत्नपाल हसला. "पास."

करुणा तिथंच उंबऱ्यावर मटकन बसली. हसू, रडू एकदमच फुटलं.

"परत कधी... येणार तपासणीला?"

"नियमानं, पुढच्या साली."

"अन्... बिगर नियमाचं?"

त्याचे कान लाल झाले. "तुमी म्हणाल तेव्हा. मला तर... जाऊच वाटून न्हाई राहिलं."

करुणानं ओढणीच्या टोकानं गाल पुसला. ग्रीस आणखीच पसरलं.

"उद्या कुत्र्यांच्या आंघोळी हायेत," ती हळूच म्हणाली. "एकटीला काही..."

"व्हय, येतो," तो म्हणाला — तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच.