फळीपलीकडचा जोर

कुणाला पटावे म्हणून मी हे लिहीत नाही. त्या खोलीत आम्ही चौघे होतो आणि चौघांच्या देखत हे घडले.

वेळ दुपारची होती. पण स्टुडिओच्या खिडक्यांवर काळे कापड ठोकलेले होते, त्यामुळे आत रात्रच होती.

माझी धाकटी बहीण अभिनेत्री आहे. घरी आम्ही तिला चिमी म्हणतो. मोठ्या आजारपणानंतर तिच्याकडे काम येईनासे झाले होते. अशात एका मासिकाने विशेषांक काढायचे ठरवले. जुन्या रहस्यपटांतले गाजलेले प्रसंग आजच्या कलाकारांनी छायाचित्रांसाठी पुन्हा उभे करायचे. चिमीच्या वाट्याला दाराचा प्रसंग आला. घरात एकटी बाई, किलकिले दार. बाहेरून कुणीतरी ते ढकलते आहे आणि ती जिवाच्या आकांताने अडवते आहे.

दार खोटेच होते. एक चौकट, एक फळी आणि मागे माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा सोडून भिंत. भिंतीवर एक निळा दिवा.

मूळ चित्रपटातले दृश्य फोटोग्राफरने शेजारच्या पडद्यावर लावून ठेवले होते. त्यातल्या बाईच्या मानेची शीर न शीर ताणलेली होती. चिमीला ते काही केल्या जमेना.

"मॅडम, दार अडवताय की इस्त्री करताय?" तो म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "आज नाही जमलं, तर हे पान दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हो."

चिमीचा चेहरा उतरला.

"पलीकडून कुणी ढकलतच नाही, तर पोरीला जोर येणार कुठून?" लाइटवाले काका म्हणाले.

म्हणून मी फळीमागे गेले.

"ताई, लहानपणी बाथरूमचं दार ढकलायचीस ना, तस्सं ढकल," चिमी पलीकडून म्हणाली.

"तू तासभर आत बसायचीस, म्हणून ढकलायचे," मी म्हटले आणि खांदा लावला.

कॅमेरा वाजू लागला.

थोड्या वेळाने काका बाजूने डोकावले. दबक्या आवाजात म्हणाले, "तुमची सावली येतेय फटीतून. बाहेर या. मी वाळूची पिशवी आणून टेकवतो."

ते पिशवी आणायला गेले. मी बाहेर येऊन कॅमेऱ्यामागे उभी राहिले.

चिमी डोळे घट्ट मिटून, फळीला गाल लावून दार अडवत होती. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"आत्ता कसं..." फोटोग्राफर कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला. "ताई, एवढाच जोर राहू द्या."

"मी इथे आहे," मी म्हणाले.

"मग पिशवी छान बसली."

तेवढ्यात खोलीच्या दारातून काका आत आले...

वाळूची पिशवी त्यांच्या खांद्यावर होती.

चिमीने माझा आवाज ऐकला होता. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. तिच्या टाचा फरशीवरून हळूहळू मागे सरकत होत्या...

कॅमेरा वाजला.

मी धावले. तिच्या शेजारी फळीला खांदा लावला.

जोर खराखुरा होता. मध्येच तो किंचित ओसरे... मग पुन्हा येई. ढकलणाऱ्याने खांदा बदलावा, तसा.

पण श्वास नाही. पावलांचा आवाज नाही. फटीतून मागच्या दिव्याचा निळा उजेड सरळ येत होता. त्यात कुणाचीही सावली नव्हती.

काका बाजूने मागे गेले.

"इथे कुणी नाही," फळीपलीकडून त्यांचा आवाज आला...

आणि आमच्या खांद्यांवरचा जोर वाढला.

मग एकाएकी तो नाहीसा झाला. दार धाडकन मिटले. आम्ही दोघी त्यावर आदळलो.

मासिकाने मुखपृष्ठावर तोच फोटो छापला, चिमीने माझ्याकडे पाहिले त्या क्षणाचा. लोकांनी तिच्या अभिनयाची तोंड भरून स्तुती केली. एका निर्मात्याने तिला मुख्य भूमिका देऊ केली. नाही म्हणण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

त्याची अट एकच आहे. चित्रपटात दाराचा तो प्रसंग हवा.

उद्या चित्रीकरण आहे.

"ताई, येशील ना?" तिने विचारले. मी हो म्हटले.

मी मागे उभी राहिले, तर ढकलणारी आपली ताईच आहे, एवढा तिला धीर राहील. तिच्याजवळ राहिले, तर अडवायला आम्ही दोघी असू.

दाराच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, ते अजून ठरत नाही...