डाव्या हाताची थाप

मेणबत्ती राहू द्या. लाइट येईल तेव्हा येईल. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही, ज्याच्यावर बेतलं तो माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला.

आम्ही त्याला ढोल्या म्हणायचो. अंगानं काडीपैलवान, फुंकर मारली तर उडेल. पण वेड काय, तर जुने हातानं घडवलेले काँगे गोळा करायचे आणि दुरुस्त करायचे. काँगा म्हणजे कमरेएवढा उंच लाकडी ढोल. पिंपासारख्या पट्ट्या जोडून केलेला, वर जाड चामडं. काठी नाही, नुसत्या तळहातानं वाजवायचा. घरात जिकडेतिकडे हेच. बायको म्हणायची, "पाहुणे आले तर बसवायचं कुठं? ढोलावर?" हा म्हणायचा, "बसतील की. टाचा आपटू नका म्हणावं, झालं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला दुसरा शनिवार. एक म्हातारा वादक वारला होता, त्याचा काँगा आणायला ढोल्या संध्याकाळी गेला. वादकाच्या धाकट्या भावानं दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाला नाही. ढोल आधीच बाहेर जिन्यात काढून ठेवलेला, तोंड भिंतीकडे करून.

"किती द्यायचे?"

"काही नको. परत आणू नका, एवढंच."

दार बंद. फुकटचं मिळालं की माणसाचे डोळे मिटतात. ढोल्यानं ढोल खांद्यावर घेतला आणि शीळ वाजवत घरी आला.

लाकूड मात्र देखणं होतं. सगळ्या पट्ट्या एकाच झाडाच्या, रंधा हातानं फिरवलेला. चामडं तेवढं फाटलेलं. बायको शिवणकाम करायची, कापडाची नजर तिला. तिनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे विरलेलं नाही हो. कापलंय. आणि एकदा नाही, सपासप."

"असेल कुणा पोराचा उद्योग."

"पोराचा हात एवढा रागात नसतो."

ढोल्यानं हसण्यावारी नेलं. टबात एक चामडं भिजत होतंच. जुनं काढलं, नवं चढवलं, त्यावरचं लोखंडी कडं हलकं आवळलं. ओलं चामडं मुकं असतं. ते सुकायला दोन-दोन दिवस जातात, तोवर हातही लावायचा नाही. ढोल भिंतीशी ठेवून, खालच्या दुरुस्तीच्या खोलीतला दिवा मालवून तो माडीवर झोपायला गेला.

रात्री दीडच्या सुमारास त्याला जाग आली.

धप्प.

मग बराच वेळ काही नाही.

धप्प... धप्प.

खालून येत होतं. त्याला वाटलं, मांजर शिरलं. जिना उतरला, दिवा लावला. ढोल भिंतीशी नव्हता. खोलीच्या मधोमध उभा होता. ढोल्यानं चामड्यावर तळवा ठेवला. खडखडीत कोरडं. ताणलेलं. आणि गरम... ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं.

दिवा गेला.

पाठीत थाप बसली. उघड्या हाताची, सगळा जोर लावून. तो ढोलावर पालथा पडला. उठायला गेला. दुसरी थाप. मग तिसरी. कुणीतरी ठेका धरला होता.

ओरडायला तोंड उघडलं.

आवाज आला तो ढोलाचा.

वर बायको जागी झाली. नवरा मध्यरात्री वाजवत बसलाय असंच तिला वाटलं. तणतणत खाली आली. "अहो, लाज आहे का काही? शेजारीपाजारी..."

तिनं दिवा लावला.

नवरा ढोलावर आडवा. दोन्ही हात खाली लोंबकळत. डोळे उघडे, तिच्याकडे लागलेले. खोलीत दुसरं कुणी नाही.

आणि ढोल वाजतच होता.

बाई धीराची. किंचाळली नाही. पुढे झाली, त्याची कॉलर धरली आणि फरफटत त्याला रस्त्यावर काढलं. उजाडेपर्यंत दोघं समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती.

सकाळी तिनं त्याचा सदरा वर केला. पाठीवर पंजा. काळानिळा, पाच बोटं स्पष्ट. डाव्या हाताचा. थापा पडल्या असतील पन्नास, पण सगळ्या एकाच जागी.

ढोल्या तडक त्या भावाकडे गेला. दार बडवलं. या वेळी त्यानं पूर्ण उघडलं. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे.

"काय आहे त्या ढोलात?"

"दादाचा उजवा हात लकव्यानं गेला होता," भाऊ म्हणाला. "मग डाव्या हातानं वाजवायचा. रात्र रात्र. एकदा मी सुरी घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत चामडं फाडलं. त्यानंतर दादा एक शब्द बोलला नाही. गेला तो माझ्याकडे बघतच."

"मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

भावानं पाठ फिरवली, सदरा वर केला. तोच पंजा. जुना, काळा पडलेला.

"सांगितलं असतं तर नेला असतात?" सदरा नीट खोचत तो म्हणाला. "काल रात्री मी झोपलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा."

आणि शांतपणे दार लावून घेतलं.

ढोल्यानं त्याच दिवशी काँग्याच्या पट्ट्या सुट्या केल्या, चामड्यासकट जाळल्या. राख होईस्तोवर उभा राहिला. बाकीचे ढोलही मिळेल त्याला देऊन टाकले. पुन्हा रात्री कधी आवाज आला नाही. डाग मात्र गेला नाही. डॉक्टर झाले, मलमं झाली. बायको म्हणाली, जाऊ दे, जीव वाचला ना.

गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. दाराची कडी लावली, सदरा काढला आणि पाठ माझ्याकडे केली.

जुना पंजा होताच. त्याच्या शेजारी दुसरा. ताजा.

उजव्या हाताचा.