डावा मोकळाच आहे

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या उजव्या मनगटावर निळ्या पेनाने बाण काढला. कापायचा हात हा, अशी खूण. त्यांच्या रुग्णालयात हा शिरस्ता गेल्या वर्षीच सुरू झाला होता. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मनगटातलं चंद्रकोरीसारखं एक छोटं हाड रक्ताविना मेलं होतं. ते काढायचं. चाकू धरणारा हात वाचला तर डॉक्टर, नाही तर घरी बसलेला म्हातारा. मामला इतका सरळ होता.

"सर, आज तुम्ही पेशंट. गप पडून राहायचं," शिष्य हसत म्हणाला. तो त्यांच्याच हाताखाली घडलेला.

"माझ्यासारखं काप रे बाबा. तुझ्यासारखं नको."

उजवा हात बधिर केला. छातीपाशी हिरवा पडदा लागला. पलीकडे अवजारं किणकिणू लागली, स्पिरिटचा वास नाकात भरला.

अशाच पडद्याआड गेल्या वर्षी एक पोस्टमन होता. कमरेखाली बधिर, वर शुद्धीत. "साहेब, उजवा हो... दुखतो तो उजवा गुडघा," असं तो पुटपुटला तेव्हा डॉक्टरांनी त्याचा डावा उघडला होता. आतला सांधा गुळगुळीत, निरोगी. चूक झाली म्हणायला जीभ उचलावी लागते. "झोपवा याला," एवढंच ते म्हणाले. चांगलं हाड कापलं, धातूचा सांधा ठोकला, मग उजवाही केला. मुलांना सांगितलं, दोन्ही झिजले होते. मुलं पाया पडली. पुढे डाव्यात पू झाला आणि जन्मभर दारोदार चाललेला माणूस अंथरुणातच संपला. चौकशी? कोण करणार, आणि कुणाची!

डाव्या मनगटावरून काहीतरी गार ओघळलं.

"अरे, डावा कोण धुतंय?"

"कुणी नाही, सर. डावा मोकळाच आहे."

मग बोटं. खरखरीत, उबदार, कसलीही घाई नसलेली. मनगट चाचपत ती एका जागी थांबली... आणि कातडी फाटली.

"डावा... अरे, डावा कापताय!"

शिष्याने पडद्यावरून डोकावून पाहिलं. डावा हात पट्ट्यात नुसता पडला होता, रक्ताचा ठिपका नाही. आत मात्र हाड सुटत होतं, दात हलवून हलवून काढावा तसं. डॉक्टर गुरासारखे ओरडले.

"झोपवा सरांना," शिष्य शांतपणे म्हणाला. शिकवलंच तसं होतं.

जाग आली तेव्हा उजवा प्लास्टरमध्ये होता आणि डाव्याची बोटं मिटत नव्हती. एक्स-रे काढला. डाव्या मनगटात त्याच हाडाच्या जागी काळी पोकळी. वर कातडीला साधा ओरखडाही नाही.

शिष्याने एक्स-रे पाकिटात परत घातला. "जन्मतःच नसेल, सर. तसंच सांगू सगळ्यांना."

"अरे, पण काल याच हाताने मी..." डॉक्टर अर्ध्यावरच थांबले. टेबलावरच्या माणसाचं कोण किती ऐकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

तेवढ्यात परिचारिका दारात आली. काढलेलं हाड तपासणीला पाठवायची बरणी तिने अंगापासून लांब धरली होती.

"सर, यात दोन आहेत. एक काळवंडलेलं... दुसरं पांढरं, स्वच्छ."

"चुकून आलं असेल," शिष्य म्हणाला. "ठेव तिथे."

"ठेवते... पण बरणी गरम लागतेय, सर."