मेमरीत राहिलेला आवाज

घाबरट म्हणाल तर मी अजिबात नाही. विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेली मशीन्स उघडण्यात दिवस जातो, भूतबित असलं झंझट माझ्या वाट्याला येत नाही. पण अजितकाकांच्या फोटो स्टुडिओतलं ऐका, मग हसायचं तेवढं हसा.

दुपारी काकांचा फोन आला. "क्रांती, मशीन लय रडाय लागलंय गं. बघून जा की."

गेले. प्रभावतीकाकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यतिथीला त्यांचे फोटो लावायचे म्हणून काकांनी चेहरे ओळखणारा प्रोग्राम सोडला होता. स्टुडिओ सुरू झाल्यापासूनची लग्नं, बारशी, सगळे फोटो एकेक उघडून तो काकूंना शोधत होता. अन् मशीन? माउस हलवला की बाण चहा पिऊन मग निघायचा.

बघितलं तर प्रोग्राम्सनी निम्मीसुद्धा मेमरी घेतली नव्हती, तरी ती काठोकाठ भरलेली.

"काका, मशीन उघडलेली प्रत्येक फाईल जवळ ठेवतं, पुन्हा लागेल म्हणून. ओट्यावर डबे काढून ठेवतो ना, तसं. जागा संपली की ज्या डब्याला कुणी हात लावत नाही, तो परत कपाटात. या स्कॅननं तुमचा सगळा ओटा अडवलाय."

कुठली फाईल मेमरीत आहे ते दाखवणारं टूल लावलं. फोटो येत होते, बाहेर ढकलले जात होते. एक फाईल मात्र जागची हलत नव्हती. छोटीशी, आवाजाची.

"ती तिची हाय," काका म्हणाले. "नवा माइक आणला तवा घेतल्याली."

वाजवली. काकूंचा घाईतला आवाज. "अहो, येते हं." बस्स, एवढंच. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे, म्हणून काकू रोज काकांच्या आधी घरी निघायच्या.

"रोज ऐकता?"

"ऐकायचो. मशीन अडाकल्यापासनं एकदाबी न्हाई."

मग ती अजून ओट्यावर कशी? कोण हात लावतंय तिला? पडद्यामागच्या शूटिंगच्या खोलीत कुणी नव्हतं, तरी तिकडून गरम भाकरीचा वास आल्यासारखा वाटला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

म्हटलं, आधी डिस्क तपासावी. तपासली. ती फाईल जिथे होती, ती डिस्कवरची जागाच मेलेली. वाचताच येत नव्हती. आम्ही ऐकला तो आवाज फक्त मेमरीतला... मशीन बंद झालं की संपला.

"काका, हिची दुसरी कॉपी?"

"न्हाई गं."

स्कॅन थांबवायला बटण दाबलं, पेनड्राइव्ह लावला... आणि लाईट गेली. यूपीएसनं एक शिट्टी मारली आणि तोही गप्प.

अंधारात काकांची खुर्ची करकरली.

"गेली...?"

मी रिकामा पेनड्राइव्ह काढून घेतला.

"दुसऱ्यांदा गेली म्हणायची," काका हळूच म्हणाले. मला रडूच आलं.

बऱ्याच वेळानं लाईट आली, मशीन सुरू झालं. नुकतं उठलेलं मशीन, ओटा स्वच्छ पुसलेला असणार. तरी उगीच टूल उघडलं.

यादीत सगळ्यात वर ती फाईल. अख्खी.

डिस्कवरची जागा अजून मेलेलीच होती. कसं काय, मला विचारू नका. मी आधी पेनड्राइव्हवर घेतली, मग मोबाईलवर, मग स्वतःला मेल केली, आणि मगच वाजवली. "अहो, येते हं." काका रडता रडता हसले.

स्कॅनला लगाम घातला, थोडे थोडे फोटो घे म्हणून. मशीन पळायला लागलं. स्कॅननं शोधलेले काकूंचे फोटो भराभरा येऊ लागले; एकात तर त्या डोळे मिटून शिंकत होत्या. काका इतके खूश झाले, की मलाही बरं वाटलं.

निघाले. पण 'येते' म्हणायला जीभच उचलेना. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "जाते, काका."

काका तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होते. स्पीकरची वायर काढून मी गुंडाळून ठेवली होती.

"जाते म्हणू नये गं... येते म्हणावं."

पडद्यामागून. घाईत असल्यासारखं.

काकांनी तांब्या खाली ठेवला आणि पडद्याकडे बघून गालात हसले. मी दारात तशीच उभी. पण मोठ्या माणसाचं मोडता येतं का?

"येते, काकू," मी म्हणाले.