कार्ड वाढवायचंय

पूर्णिमाच्या घरी 'बंद' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. दुकान वाढवायचं, देवापुढचा दिवा वाढवायचा, पिचलेली बांगडीसुद्धा वाढवायची. बंद म्हटलं की आई लगेच डोळे वटारणार. बडोद्यातल्या नागरवाड्यातले गुजराती शेजारीही फळ्या लावताना 'दुकान वधावी' असंच म्हणायचे. त्यामुळे या शब्दाला 'जास्त करणं' असाही अर्थ आहे आणि तिकडे महाराष्ट्रात बहुतेक लोक तोच धरून चालतात, हे ती साफ विसरून गेली होती.

म्हणून डिसेंबरातल्या एका गार सकाळी, रावपुऱ्यातल्या बँकेत, क्रेडिट कार्डांच्या टेबलापुढे बसून ती ठसक्यात म्हणाली, "हे कार्ड वाढवायचंय."

टेबलामागच्या माणसाने मान वर केली. छातीवर पाटी होती – सलील देवधर.

"अरे वा! मराठी! मला वाटलं इथं सगळ्यांना गुजरातीच येतं."

"बाहेर गुजरातीच बोलतो आम्ही. तुमची पाटी वाचली म्हणून..." ती उगाचच खुलासा करत बसली. मग स्वतःवरच चिडून म्हणाली, "कार्डाचं बघताय ना?"

"हो, हो. नक्की वाढवायचंय?"

"नक्की. चार वर्षं हातसुद्धा लावलेला नाही."

सलीलच्या भुवया वर गेल्या. "हात लावला नाही... तरी वाढवायचं?"

"हात लावत नाही म्हणूनच तर!"

बडोद्याची माणसं पैशाच्या बाबतीत फार पुढची असतात असं त्याने ऐकलं होतं. त्याने कागद पुढे केला. "इथे सही करा, मॅडम."

"इथं सगळ्या बायकांना बेन, म्हणजे बहीण, म्हणतात."

"माहीत आहे," तो कागदाकडे बघत म्हणाला. "इथं आल्यावर पहिला तोच शब्द शिकवला मला."

आणि तरीही ती निघताना तो "या, मॅडम" असंच म्हणाला. पूर्णिमा स्कूटीला किल्ली लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली. कागद न वाचताच सही केली, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दोन दिवसांनी मोबाइल वाजला. आपल्या कार्डाचं लिमिट दुप्पट करण्यात आलं आहे, अभिनंदन!

अभिनंदन कसलं! ते कार्ड तिने काढलं होतं समरजितशी साखरपुडा झाला तेव्हा. शालू, त्याचा सूट, हॉलचा अॅडव्हान्स, सगळं त्याच कार्डावर. मग समरजित कॅनडाला गेला, आणि तिथून एक दिवस फोन आला की आपण जरा विचार करू या. तो विचार अजून चालूच होता. पूर्णिमाने सगळी बिलं निमूटपणे, वेळच्या वेळी फेडली आणि कार्ड कपाटात टाकलं. आता ती स्वतःचं क्लिनिक काढणार होती. फिजिओथेरपिस्ट म्हणून किती वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवायचे? वाडी भागात एक गाळा बघून ठेवला होता, कर्जाचा अर्ज द्यायचा होता, आणि त्याआधी मागचं सगळं पुसून टाकायचं होतं. आईने आणलेल्या स्थळांसाठीही तिची एकच अट होती – मागचं काही नको. ना माझं, ना त्याचं. दोन्ही पाट्या कोऱ्या.

ती तडक बँकेत गेली.

"मी वाढवायला सांगितलं होतं!"

"वाढवलं की!"

"वाढवलं म्हणजे... अहो, वाढवलं म्हणजे बंद!" शेवटी तोंडातून निघालाच तो शब्द.

सलीलच्या ओठांची कड हलली, आणि पुढच्या क्षणी तो टेबलावर कोपर टेकून असा हसला, की पलीकडच्या खिडकीतल्या कॅशिअरने काच सरकवून पाहिलं.

"सांगलीला आमची आजी म्हणायची, बांगडी वाढवली," तो डोळे पुसत म्हणाला. "पण क्रेडिट कार्डाला इतकं सौभाग्य? कधीच ऐकलं नव्हतं."

पूर्णिमाने हसू दाबायचा कसून प्रयत्न केला. जमलं नाही.

"आता करा बंद," ती म्हणाली.

"करतो. वाढवलेलं लिमिटही रद्द करतो, चूक माझी. पण घाई कशाची?"

तिने कर्जाचं सांगितलं. समरजितचं नाही सांगितलं. सलीलने खुर्ची पुढे ओढली.

"स्थळाची चौकशी कशी करतात, पूर्णिमा मॅडम? जुन्या शेजाऱ्यांकडे जातात ना? मुलगी कशी आहे, घर कसं आहे... बँकही तेच करते. त्यालाच स्कोअर म्हणतात. हे कार्ड तुमचा सगळ्यात जुना शेजारी. कधी बिल चुकवलं नाही, कधी उशीर नाही. त्यालाच घालवून दिलंत तर तुमच्याबद्दल चांगलं सांगणार कोण?"

"म्हणजे बँक माझी सासू?"

"सासूपेक्षा खडूस. आता इथं स्क्रीनवर तुमचं दुसरं कार्ड बघा. क्लिनिकची मशिनं घेतलीत वाटतं त्याच्यावर? जवळजवळ भरलंय. आज दोन्ही मिळून बघितलं तर थोडंच वापरलंय असं दिसतं. हे काढून टाकलंत की तेवढंच सामान, पण दोन खोल्यांचं एका खोलीत. येणारा म्हणेल, यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, यांना आणखी कशाला द्यायचं? स्कोअर खाली येतो. तोही नेमका कर्जाच्या तोंडावर."

"आणि मला ते डोळ्यापुढे नको असेल तर?" तिच्या आवाजातला चढ एकदम उतरला.

सलीलने तिच्याकडे नीट पाहिलं.

"बंद केलं तरी बँकेच्या नोंदीतून ते लगेच जात नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "वर्षाची फी भरावी लागत असती तर मीच म्हटलं असतं, काढा. पण यावर फी नाही. राहू दे कपाटात. अधूनमधून स्कूटीत पेट्रोल घाला, बिल आलं की भरून टाका. म्हणजे बँकही आपणहून बंद करणार नाही."

मग दर काही दिवसांनी तिच्या मोबाइलवरून एक मेसेज जाऊ लागला. 'पेट्रोल घातलं.' तिकडून उत्तर – 'शाब्बास. शेजारी खूश.' एकदा तिने लिहिलं, 'आज लीलो चेवडो घेतला कार्डावर.' उत्तर आलं, 'शेजाऱ्याला न देता?' असं करत करत ती दोघं शनिवारी संध्याकाळी सूरसागर तळ्याच्या कठड्यावर बसून चेवडा खाऊ लागली. पाण्यावरून गार वारा यायचा, ती शाल सावरायची, तो बोलता बोलता मध्येच थांबायचा. समरजितचं तिने तिथेच सांगितलं, आणि आपली कोऱ्या पाट्यांची अटही. तो ऐकत राहिला, आणि चेवड्यातले तिला आवडणारे काजू तिच्या बाजूला सारत राहिला.

कर्ज मंजूर झालं त्या दिवशी ती धावतच कठड्यापाशी आली. तिला वाटलं होतं आज तो काहीतरी बोलेल. तो बोललाच.

"पूर्णिमा... माझं एक लग्न झालं होतं. दोन वर्षं टिकलं. आता रीतसर मोडलंय. खूप आधी सांगायला हवं होतं."

तळ्यावरचे दिवे लागले.

"म्हणजे इतके दिवस माझ्या कार्डाआडून स्वतःची वकिली चालली होती?"

"पहिल्या दिवशी नाही. त्या दिवशी खरंच फक्त कार्ड होतं. नंतर... तू ती कोऱ्या पाटीची अट सांगितलीस, आणि मग जीभच उचलेना."

"मला तू म्हणू नका," ती म्हणाली आणि उठून गेली.

पुढचे दिवस गाळ्याला रंग लावण्यात गेले. मेसेज नाही, चेवडा नाही. आईने विचारलं, "तुझा तो बँकवाला कुठंय गं?" पूर्णिमाने ब्रश आणखी जोरात फिरवला. राग होता, पण त्याची धार रोज थोडी बोथट होत होती. लपवलं त्याने, ते चुकलंच. पण सांगितलं तेही त्यानेच, कुणी विचारलं नसताना. आणि एका दुपारी शिडीवर उभं असताना तिला आठवलं, की या गाळ्याच्या कर्जाला ज्या कार्डाने हात दिला, ते समरजितच्या नादानेच काढलेलं. स्कूटीसुद्धा त्यानेच शिकवलेली, कमाटीबागेच्या मागच्या रस्त्यावर, ती किंचाळत असताना मागे धावत धावत. किती हसली होती ती तेव्हा! तेही पुसायचं? मग उरली असती कोण?

क्लिनिक सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दार हळूच लोटलं गेलं. सलील. मान एका बाजूला कलती.

"खरंच आखडलीय," तो घाईने म्हणाला. "दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे... नाटक नाही. दुसरीकडे जाऊ का?"

"बसा. तिकडे तोंड करून."

तो स्टुलावर बसला. तिने तळहात एकमेकांवर घासून ऊब आणली आणि त्याच्या मानेवर ठेवले. दगड झालेली मान. बाहेर कुणीतरी ऑटोवाल्याशी भाव करत होतं. "केटला?... बहु वधारे कहो छो!"

"सैल सोडा."

"सोडतोय."

"सोडत नाही आहात. माझ्या हाताला कळतं." तिचा अंगठा कानामागून खांद्याकडे सावकाश उतरला. मग ती म्हणाली, "तिचं नाव काय?"

बोटांखाली सगळ्या शिरा एकदम ताठ झाल्या. त्याला मागे वळून तिचा चेहरा बघता येत नव्हता, आणि ते बरंच होतं, कारण तिलाही तो दाखवायचा नव्हता.

"शिवांगी," तो म्हणाला.

"छान नाव आहे."

"पूर्णिमा, ते सगळं आता—"

"भांडणांचं नंतर ऐकेन. वेळ आहे." तिने दुसराही हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "आधी तिच्यातलं चांगलं काय होतं, ते सांग."

'सांग' ऐकलं त्याने. तो काही बोलायच्या आतच, तिच्या तळहाताखाली त्याचा खांदा हळूहळू खाली आला.