हिरव्या दिव्यातली ओढणी

"दार लाव! आधी दार लाव!"

पहिल्याच भेटीत विवेक माझ्यावर असा खेकसला. प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर दुरुस्त करायला बोलावलं यांनीच, आणि वर ओरडा! माझ्याकडे न बघता तो नळ्यांवर काळं कापड टाकत होता.

"दारावर पाटी लावायला हात मोडले होते?" मीही ऐकवलं.

दार लागलं. खोलीत एकच दिवा... हिरवा.

"हिरवाच का?" रागातही विचारलंच मी.

"पालकातला हिरवा रंग काढून मी घडवलेल्या प्रथिनात बसवतो. पान करतं ते माझ्या नळीनं करावं, उजेड गिळून वीज द्यावी. पण आधीच ऊन लागलं तर रंग बिघडतो. हिरवा उजेड त्याला फारसा लागत नाही."

"आणि वीज? मिळते?"

"मीटरचा काटा हलतो... जरासा."

तो काटा बघायला मी दिलसुखनगरला कॉम्प्युटरचा सकाळचा क्लास शिकवून झाला की येऊ लागले. कॉम्प्युटर कधीच दुरुस्त झाला होता. जो तो अमेरिकेची बॅग भरत होता, आणि हा येडा पालक वाटत बसला होता. मला आवडला.

जात विचारायची हिंमत त्याला नव्हती. मीच सांगितली, जयभीमवाले आम्ही. "बरं," म्हणाला, आणि नळी हलवत राहिला. अंधारात 'बरं' म्हणणारे पुष्कळ असतात.

आज त्यानं कागदाची पुडी पुढे केली. "कोठीच्या बाजारातून आणल्या... तुझ्या ओढणीला जुळतील."

बाहेर येऊन उघडली. काळ्या बांगड्या! माझी रोजची ओढणी लालभडक. हिरव्या दिव्यात लाल काळंच दिसतं. म्हणजे या माणसानं मला उजेडात एकदाही पाहिलं नव्हतं!

मी बंद दारावर थाप मारली. "रविवारी मला बघायला पाहुणे येतायत, विवेक! बोलायचं तर उजेडात येऊन बोल. नाहीतर नक्को!"

दार सताड उघडलं. दुपारचं ऊन थेट उघड्या नळ्यांवर पडलं.

"अरे, दार लाव!" आता मी ओरडले.

"राहू दे. पुन्हा बनवीन." डोळे किलकिले करत तो ओढणीकडे बघत राहिला. "लाल आहे?"

"हौ."

"घरी काल सगळं सांगितलं, प्रणिता. कोण तू, कुणाची. रविवारी त्या पाहुण्यांच्या आधी आम्ही येतो. आई तयार आहे."

मी उन्हातच काळ्या बांगड्या चढवल्या. "आणि तुझे आबा?"

"काल जेवले नाहीत. आज सकाळी विचारलं, मुलगी काय शिकवते." तो हसला. "काटा हलतोय... जरासा."