कोरडा पुठ्ठा

बाळंतपणाची रजा संपवून मी बस डेपोत मेकॅनिकच्या कामावर परतले, ती मुलीला कडेवर घेऊनच. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवड्यातले दोन दिवस घरी. मुलीला दुसरीकडे ठेवायला जीव होत नव्हता. स्टोअरच्या मावशींनी सुट्या भागांच्या मांडण्या सरकवून माळ्यावर जागा केली आणि एका टोपलीत गोधडी अंथरली. माळ्याच्या खिडकीतून खालची शेड दिसायची. खिडकीच्या बरोबर खाली म्हातारी उभी राहायची.

म्हातारी म्हणजे आमची सगळ्यात जुनी बस. डिझेलची, लांबलचक, आपोआप गिअर बदलणारी. ती चालवायचे हळूभाऊ. तीस वर्षांत एक ओरखडा नाही, म्हणून हे नाव.

मुलगी सात महिन्यांची होती आणि वजन चार महिन्यांच्या बाळाचं. माझं दूध तिसऱ्या महिन्यातच आटलं होतं. बाटलीचे दोन घोट घेतले की ती तोंड फिरवायची. महिनाभरात वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आठवडा झाला असेल. चढावर गिअर घसरतोय, अशी हळूभाऊंची तक्रार आली. मी गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं. लिटरभर कमी.

ऑइल हवेत विरत नाही. ते खाली गळतं, नाहीतर कूलर फुटून रेडिएटरच्या पाण्यात मिसळतं, नाहीतर इंजिनात शिरून धुराबरोबर जळतं. मी गाडीचं पोट धुऊन पुसून काढलं, खाली भलामोठा पुठ्ठा अंथरला आणि सकाळी येऊन बघितलं. पुठ्ठा कोरडा. रेडिएटरचं पाणी स्वच्छ, वर साधा तवंगही नाही. धूर नेहमीसारखाच. ऑइलची पट्टी मी दरवेळी सपाट जमिनीवर, इंजिन चालू ठेवून, ते चांगलं तापल्यावर बघत होते. थंड गाडीवर पट्टी खोटं बोलते. ती चूक मी करत नाही.

फोरमनकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारी ऑइल पिते, की कोणी तिच्या तोंडचं काढतंय?"

त्यांचा रोख हळूभाऊंवर होता. हळूभाऊ शांतपणे टोपी काढून उभे राहिले. "साहेब, मी ते नेऊन काय डोक्याला लावू? इथं लावायला केस तरी आहेत का?" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी ऑइल भरायच्या नळीला आणि खालच्या बोल्टला तार गुंडाळून शिशाची मोहोर मारली.

दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर कमी. मोहोर जशीच्या तशी.

मग मी वेळा लिहायला लागले. काका येऊन मोहोर तोडायचे, मी पट्टी बघायची, ते नवी मारायचे. रस्त्यावर थेंबही कमी होत नव्हता. गाडी साडेअकराला शेडमध्ये लागायची आणि दोनला बाहेर पडायची. जे जायचं ते या अडीच तासांत जायचं. गाडी उभी, इंजिन बंद, मोहोर शाबूत.

म्हणजे कोणीतरी आतलंच. मी सगळ्यांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागले. मोहोर मारायचा चिमटा फक्त काकांकडे होता. शेडच्या किल्ल्या मावशींकडे. हळूभाऊ माझ्या मुलीला टाळ्या वाजवून हसवायचे, तेही मला बघवेना.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सनं काटा पुन्हा शून्यावर आणून मुलीला दुसऱ्यांदा ठेवलं. सव्वातीनशे ग्रॅमनं वाढली होती. "काय चालू केलंत हो?" तिनं विचारलं. मी काहीच चालू केलं नव्हतं. मावशींकडून बाटली रोज भरलेलीच परत येत होती. मी मावशींनाच धरलं, तुम्ही तिला काही भरवता का म्हणून. त्यांना लागलं ते. म्हणाल्या, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही ती. दुपारभर नुसती झोपते, आणि झोपेत ओठ हलवते, पीत असल्यासारखे.

मी ऑइलमध्ये गळती शोधायचा रंग टाकला. उजेडात तो दिसत नाही. जांभळ्या दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो, सुईच्या टोकाएवढा थेंब असला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हातारीच्या मागच्या चाकापाशी खोकं उलटं टाकून बसले. म्हटलं, येऊ दे कोण येतं ते.

कोणी आलं नाही. मावशी वर डबा खात होत्या. शेडमध्ये डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास होता. गाडी निवताना लोखंड टिक टिक वाजत होतं. तसं ते वाजतंच. हळूहळू अंतर वाढत जातं आणि आवाज थांबतो. हा थांबत नव्हता. एकसारखा येत होता. मुलगी झोपली होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रत्येक 'टिक'ला एकदा.

मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. फळ्यावर लिहिलेले गाड्यांचे नंबर वाचले. परत खाली बघितलं तरी ताल चुकला नव्हता.

दोनला इंजिन तापवून पट्टी बघितली. अर्धा लिटर कमी.

मुलीला टोपलीत घालून टोपली गाडीखालच्या खड्ड्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि मी जांभळा दिवा घेऊन खाली उतरले. गिअरबॉक्सची सगळी रबरी सीलं, बोल्ट, कूलरचे पाइप बोटाबोटानं बघितले. कुठे ठिपका नाही. काळंकुट्ट, कोरडं पोट. पायऱ्या चढून आले तेव्हा हातातला दिवा चालूच होता.

मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर एक ओघळ आला होता. तो चमकत होता.

दिवा बंद केला. नुसती लाळ. बोटानं पुसली आणि जिभेला लावली. गोड होती, दुधासारखी.

मी कोणाला सांगितलं नाही. त्या शनिवारी म्हातारी खास फेरीवर गेली आणि साडेअकराला परतलीच नाही. बारा वाजता मावशींनी मला वर हाक मारली. मुलगी गार पडली होती. नखं निळसर. बाटली, चमचा, काही घेईना. मी तिला छातीशी आवळून दवाखान्यात न्यायला जिना उतरत होते. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

हळूभाऊंनी गाडी जागेवर लावली. इंजिन बंद केलं.

टिक.

मुलीनं तोंड उघडलं.

सोमवारी काकांनी मला बोलावलं. सापडलं असेल तर सांग, नाहीतर हळूभाऊंना उद्या वरच्या साहेबांपुढे उभं करतो, म्हणाले. मी भंगाराच्या डब्यातलं एक फाटकं सील त्यांच्या टेबलावर ठेवलं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूचं आहे, काल बदललं, म्हटलं.

"पण पुठ्ठा तर कोरडा होता."

"पळताना सुटायचं. खाली पडायच्या आत वाऱ्यावर उडायचं."

रस्त्यावर थेंबही कमी होत नाही, हे मीच त्यांना वहीत दाखवलं होतं. त्यांनी सील बोटांत फिरवून बघितलं. मग ते सील त्यांनी खणात टाकलं. मोहोर निघाली. हळूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "पोरी, माझी अब्रू राखलीस." मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी म्हातारीत अर्धा लिटर ओतत गेले. पुढे पाऊण. पुढे लिटर. मुलगी बसायला लागली, रांगायला लागली, माझं बोट धरून उभी राहायला लागली. गालांवर रंग आला.

गेल्या महिन्यात म्हातारी भंगारात काढली. मी काय म्हणून अडवू शकणार होते? दुपारी बाराला क्रेन आली. मी माळ्यावर मुलीला कुशीत घेऊन बसले आणि ती गार पडायची वाट बघत राहिले. साखळदंड खणखणले. म्हातारी फाटकाबाहेर गेली.

मुलगी गार पडली नाही. तिनं खिडकीकडून मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवायला लागली.

काल दवाखान्यात तिचं वजन पुन्हा वाढलेलं निघालं. नर्स खूश झाली. तेवढ्यात तिची नजर माझ्या काटकुळ्या मनगटाकडे गेली. "तुम्ही चढा बरं काट्यावर," ती म्हणाली. मी चढले. तिनं काटा दोनदा बघितला. जेवता ना, भूक लागते ना, कुठे दुखतंखुपतं का, असं बरंच विचारलं. मी सांगितलं, सगळं ठीक आहे.

आज पहाटे उठून मी गादीवरची चादर झटकून बघितली, मग पलंगाखाली वाकून फरशीवरून हात फिरवला. कुठे ओल नव्हती. मुलगी झोपली होती. तिच्याशेजारी परत पडले आणि कानाशी अगदी हळू टिक टिक आवाज आला. तो माझ्यातूनच येत होता.